गंधकवाल्या इंदूअक्का

इंदूअक्का कुठल्याही गोष्टीचा वास नाकानं घेत नसत, हातानं घेत. समोर चहा ठेवला की त्या कपावर वाकायच्या नाहीत. कप हातभर लांब ठेवून त्याच्यावरून तळहात आपल्याकडं हलवायचा, वारा घातल्यासारखा, आणि मग डोळे मिटून सांगायचं, "आलं हाय. वेलदोडा न्हाय." आमटीचं तसंच, मोगऱ्याच्या गजऱ्याचं तसंच. शेजारच्या सुनेचं बाळ बघायला गेल्या तेव्हा बाळाच्या टाळूवरूनही त्यांनी असाच हात फिरवला. बाळाची आजी घाबरली. ही बाई दृष्ट काढतेय की लावतेय, तेच तिला कळेना.

"बाटलीत काय हाय ठाऊक नसताना नाक घालायचं न्हाय," अक्कांनी तिला समजावलं. "लॅबमधली पयली शिकवण."

"बाटली न्हवं अक्का, नातू हाय माझा," आजी म्हणाली.

अक्का मूळच्या बोरगावच्या. निपाणीच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाल्या आणि पुढची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केली. उसाचा रस स्वच्छ आणि साखर पांढरी व्हावी म्हणून साखर कारखान्यात गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्या धुरावर नजर ठेवणं हे अक्कांचं काम. शिफ्टमध्ये बाई म्हणून त्या एकट्याच. आमच्याकडच्या खेड्यातल्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल त्या "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. लग्न का केलं नाही असं गल्लीतल्या कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असे : "शिफ्ट जुळली न्हाय."

रिटायर झाल्यावर छातीचा डॉक्टर जवळ हवा म्हणून त्या बेळगावात आल्या आणि भाड्यानं खोली घेतली ती आमच्या खासबागेतल्या विणकरांच्या गल्लीत. इथं दिवसभर मागांचा खडखडाट आणि हवेत सुताचा भुरभुरीत कापूस. नवऱ्याला आमच्यात मालक म्हणतात; त्या माझ्या मालकांचे माग तर अक्कांच्या दारासमोरच. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अक्का, तुमच्या छातीला ही गल्ली बरी न्हाय." त्या म्हणाल्या, "जलमभर मशीन ऐकत झोपलोय बाई. शांत जाग्यात मला झोप येत न्हाय."

घर एवढंसं, पण लॅबसारखं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, लाल रेघेची चौकट काढून त्यात नावाऐवजी रासायनिक सूत्र. मिठाच्या डब्यावर मिठाचं सूत्र, साखरेच्या डब्यावर साखरेचं. मी एकदा चहा करायला गेले आणि सूत्र न कळल्यामुळं चहात खायचा सोडा घातला. अक्कांनी तो चहा पूर्ण प्याला. वर म्हणाल्या, "पित्ताला बरा हाय." अंगावर नेहमी सुती साडी, तीही गडद. नायलॉन कधी नाही, कारण नायलॉनवर ॲसिडचा थेंब पडला तर ते कातडीला चिकटतं म्हणे. खासबागेत त्यांच्यावर ॲसिड कोण उडवणार होतं? पण सवय ती सवय.

हे सगळं आम्ही गंमत म्हणून बघत होतो. मग ते वर्ष आलं.

तेजू माझी मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि चांगली शिकली. मी स्वतः मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळं पोरीचं मराठी वाचन मला अभिमानाचं. पुढं पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, तिनं सायन्स घेतलं आणि एका दिवसात सगळं इंग्रजीत आलं. ज्याला ती काल गंधक म्हणत होती ते आज सल्फर झालं. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री राहिली. सप्लिमेंटरीला परत राहिली. त्यानंतर तेजूनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला कॉम्प्युटर आत होता आणि त्यावर एक खेळ. ओसाड ग्रहावर एकटंच माणूस येऊन पडतं आणि खाणी खणून, माल वाहणारे पट्टे टाकून, यंत्राला यंत्र जोडून आख्खा कारखाना उभा करतं, असा तो खेळ. ताट आत न्यायचं, रिकामं नाहीतर अर्धं भरलेलं बाहेर आणायचं, एवढाच आमचा तिच्याशी संबंध उरला होता. बोलणं नाही. रडणंही नाही, त्याची मला जास्त भीती वाटायची.

एका सकाळी अक्का इडलीचं भांडं परत द्यायला आल्या.

"तेजू दिसंना कुठं?"

"आत हाय. जेवायलाबी भाईर येत न्हाय, अक्का. नुसता गेम खेळतीया."

"कसला गेम?"

"कारखान्याचा."

अक्कांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "कसला कारखाना?" असं विचारत त्या सरळ तिच्या दाराकडं गेल्या आणि न ठोठावता आत शिरल्या. मी मागं जाऊन उंबऱ्यात उभी राहिले.

तेजूनं वळूनही पाहिलं नाही. अक्का पदराला चष्मा पुसून पडद्याकडं बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट दाखवलं.

"ते पिवळं काय?"

"सल्फर," तेजू म्हणाली.

"गंधक. कुठनं काडलंस?"

"जमिनीतल्या तेलातनं."

"बरोबर हाय. तेलातनं काडत्यात. आन् आता?"

"सल्फ्यूरिक ॲसिड करायचं हाय. होईना झालंय."

"त्याला काय घालायलीस?"

तेजूनं पडद्यावरची चित्रं दाखवली. गंधक, पाणी आणि लोखंडाचा पत्रा.

"लोखंड?" अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरच्या शेडमध्ये माझ्या मालकांनी माग थांबवला. "ॲसिड करायला लोखंड? अगं, ॲसिड लोखंडाला खातंय! ह्यो कुठल्या कॉलेजात शिकलाय गेम करणारा?"

"गेममध्ये असंच हाय, अक्का."

"मग गेम नापास!"

तेजू हसली. आधी नाकातून फिसकन्, मग खुर्चीत मागं रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता ती खरंच रडायला लागली. "अक्का, मी पण नापास झालोय," ती म्हणाली. अक्कांच्याच पद्धतीनं म्हणाली की रडण्याच्या भरात, कोण जाणे.

अक्कांनी तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या. "नापास म्हणू नको. निकाल आला म्हण. लॅबात नापास काय नसतंय. जे येतंय ते लिवायचं, आन् असं का आलं ते बघायचं. मीबी मराठीतनं शिकून इंग्रजीत आपटलो होतो. निपाणीला पयल्या वर्षी सर काय म्हणत्यात तेच कळंना. सर 'सोल्यूट' म्हणाले की मला वाटायचं सलाम कराय सांगत्यात."

मी दारातून मागं फिरले आणि चहा टाकला. वेलदोडा घालून.

त्या दिवसापासून दुपारची झोप झाली की अक्का येऊ लागल्या. माउसला त्यांनी सुरुवातीला हात लावला नाही. स्टुलावर बसून नुसतं सांगायच्या, शिफ्ट इनचार्जसारखं. खेळाची कृती चुकीची आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. "हे झालं गेमचं खोटं ॲसिड," त्या म्हणायच्या. "आता खरं सांगतो." आणि अंगणात रांगोळीचा डबा घेऊन बसायच्या. इथं गंधक जळतंय, इथनं त्याचा वायू निघतोय, इथं त्याला आणखी ऑक्सिजन जोडायचा, ह्या चौकोनात जाळीवर एक पदार्थ असतो, तो स्वतः काही बदलत नाही पण दुसऱ्यांची जोडी लवकर जमवतो. "आपल्या गल्लीतल्या लग्न जमवणाऱ्या मावशीगत," अक्का म्हणाल्या. कॅटॅलिस्ट म्हणजे काय हे मलाही त्या दिवशी समजलं.

"आन् शेवटी पाण्यात सोडायचं?" तेजूनं विचारलं.

"न्हाय! पाण्यात सोडलं तर नुसतं धुकं होतंय. जुन्या ॲसिडातच सोडायचं, मग हळू पाणी."

"धुकं का होतंय?"

अक्का माझ्याकडं बघून हसल्या. वर्षभरात पोरीनं पहिल्यांदा 'का' विचारलं होतं. तुळशीपुढं ती ॲसिडच्या कारखान्याची रांगोळी दोन दिवस होती. येणारे-जाणारे विचारायचे, आज कसला सण?

खेळात त्यांच्या काही हट्टी सवयी होत्या. ॲसिडच्या टाकीभोवती भिंत पाहिजेच. रस्ता रुंद पाहिजे. आणि टाकीजवळ पाण्याची वेगळी टाकी, कशालाही न जोडलेली.

"ही कशाला?" तेजू वैतागायची. "हितं माणसं न्हाईत, अक्का. सगळी मशिनं हाईत."

"ती एवढीशी पळतीया ती कोण मग?" अक्का पडद्यावरच्या त्या ठिपक्याएवढ्या माणसाकडं बोट दाखवत. "तिच्या डोळ्यात उडालं तर?"

एकदा तेजूच्या हातून पाण्याच्या नळीला ॲसिडची नळी जोडली गेली. पाण्याच्या लाइनमध्ये ॲसिड शिरलं आणि एकामागून एक सगळी यंत्रं थांबली. मी तेव्हा शेंगा सोलत तिथंच बसले होते. तेजूचा चेहरा परीक्षेच्या निकालादिवशी झाला होता तसाच झाला. मग ती म्हणाली, "जाऊ दे. काल सेव्ह केलेलं हाय, तितनं परत सुरू करतो."

"मागं जाता येतंय?" अक्कांना हे माहीत नव्हतं.

"येतंय की."

"कारखान्यात येत न्हाय बाई. तुझा खेळ, तुझी मर्जी. पण मला इचारशील तर हितनंच पुढं जाऊ. कुठं मिसळलंय ते शोधू."

आणि त्यांनी शोधलं. नळीचा एकेक तुकडा बघत, खराब झालेला उपटून टाकत, नवा घालत दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. दिवेलागणीला पहिलं यंत्र परत फिरलं तेव्हा तेजू खुर्चीतून उठून ओरडली. मालक दारात येऊन बघून गेले. त्यांना हे पटत नव्हतं. मला म्हणाले, "अक्कांना शानं समजत होतो मी. पोरीला पुस्तकाला लावायचं सोडून त्याच खेळाय लागल्यात." पण अक्कांच्या तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती.

अक्का खोकायला लागल्या की थांबायला वेळ लागायचा. एकदा तेजूनं विचारलं, हा खोकला कसला. तेव्हा कळलं. एका हंगामात गंधकाच्या भट्टीजवळ धूर कोंडला आणि निंगाप्पा नावाचा कामगार आत पडला. बाहेर माणसं जमली, ओरडली, पण आत कोण जाईना. अक्का गेल्या आणि त्याला बाहेर ओढून आणलं. निंगाप्पा वाचला. नातवंडांत रमला. अक्कांची छाती मात्र तेव्हापासून अशी.

"तुम्हीच का गेलासा?" तेजूनं विचारलं.

"माझ्या हातात ओला टॉवेल होता," अक्का म्हणाल्या, आणि चहाचा कप उचलला.

खेळात ॲसिड तयार झालं ते बॅटऱ्या करायला. म्हणून अक्कांनी एक दिवस तेजूला आमच्या जिन्याखाली नेलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी दाखवली. "ह्यात तेच हाय. हात न लावता बघ." शिशाच्या पट्ट्या, ॲसिड, वीज कशी साठते, सगळं तिथं उकिडवं बसून सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या मालकांनी ती बॅटरी हलवायला काढली. जिन्याखाली सुताच्या गठड्या ठेवायच्या होत्या. ते आणि त्यांचा भाऊ दोघं धरून बाहेर आणत होते. भावाचा पाय घसरला, बॅटरी कलंडली, वरचं एक झाकण सैल होतं आणि आतलं ॲसिड उसळून मालकांच्या तोंडावर आलं. ते किंचाळले. मी स्वयंपाकघरातून धावले. दीर "दूध आणा, दूध!" म्हणून ओरडत होता. समोरची कुणीतरी तुपाची वाटी घेऊन आली. मालक डोळे गच्च मिटून चोळत होते, आणि मी काय करत होते मला आठवत नाही. नुसती उभी असणार.

तेजू खोलीतून आली. तिनं बापाचे दोन्ही हात धरून डोळ्यांवरून ओढून काढले, मानेला धरून त्यांना अंगणातल्या नळाखाली वाकवलं आणि पाणी सोडलं. "डोळं उघडा, पप्पा."

"आग हुतीया, सोड!"

"उघडा म्हटलं ना!" तिनं बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. दीर तुपाची वाटी पुढं करत होता, तिनं कोपरानं ती उडवून लावली. बारकी पोर माझी, आणि मागावर राबलेला तिचा बाप तिच्या हातातून सुटायची धडपड करतोय, पण ती सोडेना.

तेवढ्यात अक्का आल्या. गल्ली ओलांडताना त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, आता त्या पुढं होतील. त्या नळापासून दोन हात लांब, खांबाला धरून उभ्या राहिल्या. तेजूनं त्यांच्याकडं पाहिलं. "बास करू?"

"न्हाय. चालू दे. आजून लई वेळ."

तेजूनं चालू ठेवलं. बादल्या भरतील एवढं पाणी गेलं. मग रिक्षातून डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासलं, औषध घातलं आणि विचारलं, लगेच कुणी धुतलं? तेजू कोपऱ्यात ओल्या कपड्यांनी कुडकुडत उभी होती. "त्यामुळं नजर राहिली," डॉक्टर म्हणाले.

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर मालक स्वतः अक्कांच्या खोलीत गेले. माणूस मुळात अबोल. "अक्का, एक साडी विणतो तुमच्यासाठी," एवढंच म्हणाले. "रंग सांगा."

"गडद घाल," अक्का म्हणाल्या. "आन् बॅटरीचं झाकण घट्ट करून घे आधी."

त्यांनी सुती, जांभळी साडी विणली, बारीक काठाची. शिवाय तेजूच्या खोलीत स्टूल काढून पाठ टेकायची खुर्ची आणून ठेवली. मालकांच्या तऱ्हेचं ते भाषणच होतं.

तेजू पुन्हा परीक्षेला बसली. त्या सकाळी अक्का जांभळी साडी नेसून रिक्षात आमच्या आधी जाऊन बसल्या होत्या. केंद्राबाहेर चिंचेखाली त्या तीन तास बसल्या. मधेमधे दम्याचा फवारा घ्यायच्या आणि शेजारच्या आयांना भडंग वाटायच्या. तेजू बाहेर आली. मी विचारणार होते, कसा गेला. अक्कांनी आधीच विचारलं, "काय काय इचारलं गं?" जसं काही पेपर त्यांनाच सोडवायचा होता.

"सगळं आलं," तेजू म्हणाली. "पण अक्का, गंधकावर एक प्रश्न न्हाय! एक मार्काचाबी न्हाय!"

अक्कांचा चेहरा पडला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळताना म्हणाल्या, "पेपर काडणाऱ्याला अक्कल न्हाय."

तेजू पास झाली. मार्क फार नव्हते, पण केमिस्ट्री सुटली होती, त्याहून जास्त कशाची आम्हाला अपेक्षाही नव्हती. तिनं बीएस्सीला नाव घातलं, केमिस्ट्रीच घेऊन. आज ती पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. परवा घरी आली तेव्हा वरणाच्या पातेल्यावरून हात हलवून म्हणाली, "हिंग जास्त झालाय." मी पाठमोरी होऊन पोळ्या लाटत राहिले.

अक्का मात्र आमच्यात फार राहिल्या नाहीत. गल्लीतला कापूस त्यांच्या छातीत बसत गेला. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, इथं राहू नका. भाऊ येऊन त्यांना बोरगावला घेऊन गेला. जाताना तेजूनं आपला कॉम्प्युटर त्यांच्या सामानात चढवला. मालकांनी खोक्याला सुतळी बांधून दिली. ज्या कॉम्प्युटरवर त्यांचा एवढा राग होता, तो हादरू नये म्हणून त्यांनी खाली सुताची गादी केली.

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याआधी एकदाच आमचं जाणं झालं, ऊसतोडीच्या हंगामात. तेजू आणि मी निपाणीवरून बोरगावला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. भावाच्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांना दिली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, शेजारी त्याचं यंत्र घरघरत होतं. अक्का खूप वाळल्या होत्या. आम्ही आणलेला बेळगावचा कुंदा त्यांनी चमचाभर खाल्ला, मालकांच्या डोळ्यांची चौकशी केली, आणि मग तेजूला म्हणाल्या, "हिकडं ये. तुला दावतो."

आता माउस त्यांच्या हातात होता. त्यांनी खेळात केवढं उभं केलं होतं! तेजूनं सोडलेल्या कारखान्याच्या पलीकडं नवीन खाणी, लांबच लांब आगगाडीची लाइन, बॅटऱ्यांचं आणखी एक युनिट. दोघींची लगेच जुंपली. गाडी आधी कुठं थांबवायची, इथं की तिथं. तेजू म्हणत होती, अक्का, हितं अडकणार. अक्का म्हणत होत्या, बघू, निकाल येऊ दे. मी पलंगावर बसून ऐकत होते. बोलताना त्यांना मधे थांबून श्वास घ्यावा लागत होता, पण आवाज शिफ्टवरचाच होता.

शेवटच्या बसची वेळ झाली. आम्ही पाया पडलो. अक्कांनी तेजूच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जपून जावा. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लई हाईत."

आम्ही बाहेर पडून रस्ता ओलांडला. वळून बघितलं तर खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. पांढरा अंबाडा, कानामागून गेलेली नळी, चष्म्याच्या खालच्या काचेतून पडद्याकडं बघायला मागं कललेलं डोकं. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेजूनं माझा हात धरला.

"नको, आई," ती म्हणाली. "कामात हाईत त्या."